ढिगातलं चित्र

सकाळचे साडेआठ वाजले होते. पार्बताबाई स्वयंपाकघराच्या दारात पाय लांब करून सांभार निवडत बसल्या होत्या. दुपारी सांभारवड्या करायच्या होत्या, त्यासाठी कोथिंबिरीच्या सात जुड्या समोर पसरल्या होत्या. ओसरीत त्यांचे यजमान चंद्रभानजी पेपर वाचत होते, म्हणजे अख्ख्या घराला वाचून दाखवत होते. एस.टी.त तेहतीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही.

“चिखलदऱ्याले पारा आठवर गेला.”

“मंग आपन काय कराव? त्याले स्वेटर पाठवाव काय?”

“मी फक्त सांगून राहिलो.”

“सांगा. माये कान मोकयेच हायेत.”

तेवढ्यात दारावर टकटक झाली. दार सताड उघडं होतं. उघड्या दारावर टकटक करणारं माणूस अमरावतीच्या त्या गल्लीत एकच होतं, वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी आकांक्षा. पुण्यात चार वर्षं नोकरी करून ती दोन सवयी बरोबर घेऊन आली होती. एक काळी कॉफी आणि दुसरी ही टकटक.

“ये वं. उघड्या दाराले काय ठोकते? सुतार हाय काय तू?”

आकांक्षा आत आली. लॅपटॉप छातीशी धरलेला, केस विंचरायचे राहिलेले, डोळे लाल. “काकू, पाच मिनिटं आहेत का?”

“पाच कायले, पन्नास घे. फक्त हात रिकामा ठेवू नको. हे घे.” पार्बताबाईंनी एक जुडी तिच्याकडे सरकवली.

ही आकांक्षा मूळची अकोल्याची. कंपनीतली चांगली नोकरी सोडून ती दोन वर्षांपासून कॉम्प्युटरवर एक गेम बनवत होती. गल्लीतल्या लोकांना हे प्रकरण नीट कळलेलं नव्हतं. “वरची पोरगी दिवसभर खेळते,” असं कोणी म्हणालं की पार्बताबाई सुनावत, “खेळत नाही, खेळ बनवते. हलवाई काय दिवसभर जिलेबी खात बसते काय?”

गेमचं नाव होतं ‘दिवटी’. एक मुलगी हातात दिवटी घेऊन मोठ्या जादूच्या जंगलात शिरते आणि त्या जंगलात शिंगाड्या नावाचं एक भलंमोठं जनावर असतं. एवढं पार्बताबाईंना माहीत होतं. पुढं काय होतं असं त्यांनी एकदोनदा विचारलं, तेव्हा “ते खेळल्यावर कळतं काकू” एवढंच उत्तर मिळालं होतं.

आज अडचण वेगळी होती. हे गेम जिथं विकले जातात ते दुकान कॉम्प्युटरवरच असतं आणि त्यात हजारो गेम रांगेनं मांडलेले असतात. प्रत्येकाला जागा मिळते ती काडेपेटीएवढ्या एका चित्राची. ते चित्र पाहून माणसानं बोट लावलं तर पुढचं सगळं; नाही लावलं तर आत काय आहे ते कोणाला कळतसुद्धा नाही. पुढच्या आठवड्यात त्या दुकानाची जत्रा होती; अजून विकायला न आलेल्या गेमचा थोडा भाग तिथं लोकांना फुकट खेळून पाहता येतो. चित्र आज पाच वाजेपर्यंत द्यायचं होतं. आणि आकांक्षानं आपल्या बाबांना शब्द दिला होता की या जत्रेत गेमला कोणी विचारलं नाही, तर जानेवारीत मी मुकाट्यानं पुण्याला, नोकरीवर.

“चित्रं रागिणीनं काढली आहेत. चार. तिला एक पसंत आहे, मला दुसरंच. दोन दिवस झाले, आम्ही बोलत नाही आहोत.”

रागिणी म्हणजे तिची अकोल्याची बालमैत्रीण. तीन-चार वेळा येऊन गेलेली, पार्बताबाईंच्या हातच्या सांभारवड्या नऊ खाऊन दहावी लाजून नको म्हणालेली.

“मंग मले काहून विचारते? मले तं त्यातलं काही समजत नाही.”

“म्हणूनच. ज्यांना समजतं त्या सगळ्यांना विचारून झालं. ते म्हणतात, चारही छान आहेत.”

पार्बताबाईंनी हातातली काडी खाली ठेवली. “चारही छान मनजे पाहिलं नाही कोनी. दाखव.”

आता, हे असं म्हणायचा त्यांना हक्क होता. तिवशाकडून लग्न होऊन आल्यावर दुसऱ्याच वर्षी त्या संत्रा मंडीत छाटणीला बसल्या आणि एकतीस वर्षं बसल्या. संत्र्याचा डोंगराएवढा ढीग, भोवती बायका, आणि हातातून सुटणारं फळ मोठ्यात, मध्यमात की चुरीत जाणार याचा निकाल डोळ्याची पापणी लवायच्या आत. चुरी म्हणजे सगळ्यात लहान माल. नव्या पोरीला शिकवायची त्यांची रीत ठरलेली होती. ढिगासमोर उभं करायचं, डोळे मिटायला सांगायचं, उघड म्हणायचं आणि लगेच मिट म्हणायचं. मग विचारायचं, काय दिसलं? जे दिसलं तेच खरं. घटकाभर पाहून जे दिसतं ते आपण मनानं घातलेलं असतं. चार वर्षांपूर्वी गुडघ्यांनी संप केला आणि पार्बताबाई घरी बसल्या. तेव्हापासून घरातली डाळ, तांदूळ, सांभार आणि नात्यातल्या सोयरिकी अशी मिळेल ती छाटणी त्या करत होत्या.

“अवो,” त्यांनी हाक मारली. “पेपर ठेवा. तिकडं भिंतीजवळ जाऊन उभे राहा.”

“मी काय केलं?”

“काही नाही केलं मनूनच बोलावून राहिली. डोये मिटा.”

चंद्रभानजी निमूटपणे भिंतीशी जाऊन डोळे मिटून उभे राहिले. आकांक्षानं लॅपटॉप वर धरला.

“हे लय मोठं दिसून राहिलं,” पार्बताबाई म्हणाल्या. “दुकानात दिसन तेवढंच कर. काडेपेटी.”

चित्र लहान झालं.

“उघडा. मिटा. काय दिसलं?”

“गर्दी,” चंद्रभानजी म्हणाले.

“कशाची?”

“बडनेरा स्टँडची.”

पार्बताबाईंनी वाकून पाहिलं. त्यात दिवटीवाली मुलगी होती, शिवाय सहा माणसं, एक किल्ला, एक गरुड, चंद्र आणि डोंगर. हेच रागिणीचं लाडकं चित्र. महिनाभर घालवला होता तिनं त्यावर. “हे तं लग्नाच्या फोटोवानी झालं. सगळे उभे केले, आता त्यात नवरी कोनती ते शोधत बसा. दुसरं दाखव.”

दुसऱ्यात मुलगी एकटीच होती. तळहातावर आगीचा तेजस्वी गोळा घेऊन ती समोर पाहत होती.

“उघडा. मिटा.”

“एक पोरगी हाय. संत्रं विकून राहिली.”

“काका, ती जादूची ज्योत आहे,” आकांक्षा म्हणाली.

“मले काय मालूम? गोल हाय, नारिंगी हाय, हातात धरून दाखवून राहिली. अमरावतीत मानूस दुसरं काय समजन?”

“त्यायचं बरोबर हाय,” पार्बताबाई म्हणाल्या. “ज्योतीले टोक असते, बाई. टोक काढलंच नाही तिनं. आन संत्रंही खरं नाही. इतक्या एकसारख्या रंगाचं झाडावर पिकत नसते.”

तिसऱ्या चित्रात नुसतं नाव होतं, धुरात वळलेलं, वेलबुट्टी फुटलेलं.

“कुरडया वायू घातल्या काय कोनी?” पार्बताबाईंनीच विचारलं.

“काकू, अक्षरं आहेत ती. इंग्रजीत दिवटी लिहिलंय.”

“इंग्रजी मले वाचता येत नाही. पन अक्षर कोनतं आन कुरडई कोनती ते समजते. एकतीस वर्षं पेट्यांवरचं इंग्रजी पाहिलं मी. वाचता नसे येत, तरी पेटी दिल्लीची हाय का कलकत्त्याची ते दुरून ओयखू ये.”

आकांक्षानं मान हलवली आणि चौथं चित्र काढलं. हे तिचं स्वतःचं आवडतं. इथं तिचा आवाज जरा सावरला. “काका, आता नीट बघा.”

“नीट नाही पाहाचं,” पार्बताबाई म्हणाल्या. “उघडा.”

चंद्रभानजींनी डोळे उघडले आणि मिटायचे विसरले. काळंभोर भव्य तोंड, नाकपुड्यांतून धूर, वर लखलखणारी दोन मोठी शिंगं, कपाळावर सोनेरी पट्टी. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

“पोयाचा बैल.”

त्यांनी पुढं येऊन चित्रावर बोट ठेवलं.

“शिंगं रंगवले, टोकाले बेगड लावली, कपायावर बाशिंग बांधलं. झूल तेवढी राह्यली. कोनाचा हाय? जनावर मात्र एक नंबर हाय.”

“तो राक्षस आहे काका,” आकांक्षा अगदी बारीक आवाजात म्हणाली. “शिंगाड्या. त्याला पाहून लोक घाबरले पाहिजेत.”

पार्बताबाईंनी चष्मा पुसून चित्र जवळ घेतलं. मग त्या जे हसल्या, ते मांडीवरचा सांभार सगळ्या घरभर झाला. “अवो माय. हा तं पुरनपोयी मांगून राहिला.”

आकांक्षा त्या सांभारातच खाली बसली. हसू तिलाही आलं होतं, पण ते अर्ध्यावर फिरलं आणि डोळ्यांत गेलं. “मंग आता म्या काय करू काकू? पाच वाजता द्याचं हाय. दोन वर्षं घातले म्या याच्यात.”

दोन वर्षांत पार्बताबाईंनी तिच्या तोंडून घरची बोली पहिल्यांदाच ऐकली. त्यांचं हसू थांबलं. त्यांनी पाठीवरून हात फिरवला नाही की काही समजूत घातली नाही. नुसता लॅपटॉप पुन्हा तिच्या मांडीवर ठेवला.

“मी हसली मनून तो चुरीत गेला असं नाही. चार पाहिले मी. तिघायचं काही ध्यानात नाही राह्यलं आता. हा अजून डोयात हाय. लाव तुह्या मैतरनीले फोन, तोंड दिसते तो.”

रागिणीनं अकोल्यात फोन उचलला तो दोन दिवसांचा राग चेहऱ्यावर तसाच ठेवून. पण पडद्यावर आकांक्षाच्या जागी पार्बताबाईंचा चष्मा पाहून तिचा राग गोंधळला.

“बेटा, तुमच्या घरी बैल होते काय वं?”

“होते ना काकू. आता नाहीत, ट्रॅक्टर आहे. का बरं?”

“पोयाले शिंगं कोन रंगवे?”

“मीच. बाबा दुसऱ्या कोणाच्या हातात ब्रश देतच नव्हते. म्हणायचे, रागिणीचा हात हलत...” इथं रागिणी थांबली. ती बाजूला कुठंतरी पाहू लागली. तिथं तिचं चित्र उघडं असावं. मग तिनं कपाळावर हात मारला. “काकू, मी विदेशी राक्षसांची शंभर चित्रं समोर ठेवून हा काढला होता.”

“पाहिले शंभर, पन हातानं काढला घरचाच. त्यात लाजाचं काय हाय?”

“लाजायचं हे आहे,” आकांक्षा मध्ये तोंड घालत म्हणाली, “की लोकांना हा शेतीचा गेम वाटेल. नांगर कुठं आहे म्हणून विचारतील.”

“मग बाशिंग पुसून टाकते मी. शिंगांचा रंगही,” रागिणी म्हणाली. दोन दिवसांनी दोघी एकमेकींशी बोलत होत्या, हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.

“थांबा वं दोघी.” पार्बताबाईंनी हात वर केला. “मले आदी हे सांगा, आत हा कोन हाय? खरंच राक्षस हाय?”

आकांक्षा घुटमळली. “ते शेवटी कळतं काकू.”

“मले आत्ता कयलं पाहिजे.”

मग तिनं सांगितलं. सगळं गाव शिंगाड्याला राक्षस समजतं. पण तो कोणाचा तरी होता, जंगलात वाट चुकला आणि इतकी वर्षं अंधारात राहून असा झाला. मुलगी त्याला मारायला निघते आणि शेवटी त्याला घरी घेऊन येते.

पार्बताबाईंनी सांडलेल्या सांभारातली एक काडी उचलली. मग म्हणाल्या, “मंडीत एक व्यापारी होता. एका सालाले तो मने, पेटीत वरचा थर मोठा लावा, खाली चुरी भरा. सगळ्यायनं भरली, मी नाही भरली. त्यानं मले घरी पाठवलं. पंधरा दिवसानं सोता सायकल घेऊन दारात हजर. मने, दिल्लीवाले इचारून राहिले, त्या आदीच्या हाताच्या पेट्या कुठी हायेत? चल.” त्यांनी पडद्यावरच्या शिंगाड्याकडं बोट केलं. “हे चित्र मनजे वरचा थर. तो चांगला दिसला पाहिजे, पन खालच्याले धरून पाहिजे. नुसता राक्षस लावसान तं आत गेलेला मानूस मनन मले फसवलं. नुसता पोयाचा बैल लावसान तरी तेच.”

“मग लावायचं काय?” दोघींनी एकदमच विचारलं.

“लिव्हून घे,” पार्बताबाई म्हणाल्या. आणि सांभाराची काडी हातात धरून, पुरणाचं प्रमाण सांगावं तशा सांगू लागल्या. जनावर भलं मोठं, पण अंधारात. शिंगं चित्राच्या बाहेर जाऊ द्या, झाडाच्या फांद्यांसारखी, सेमाडोहच्या जंगलात दिसतात तशी. पोरगी खाली, बोटाएवढी, पाठ त्याच्याकडं. दिवटीला टोक. बाकी किल्ला-गरुड सगळे घरी पाठवा. नाव सरळ लिहा, त्याला एकही वेल फुटता कामा नये.

“आणि बाशिंग?” रागिणीनं विचारलं.

“बाशिंग राहू दे. पन जुनं कर. फाटलेलं, पानी खाल्लेलं. कोनी तरी कधी तरी बांधलं होतं, एवढं दिसलं मनजे झालं.”

रागिणी पडद्यावरून बाजूला झाली. पार्बताबाईंना वाटलं लाईन गेली. मग तिकडून आवाज आला, “ठेवते काकू. मला बसू द्या आता.”

दुपारी सांभारवड्या झाल्या. आकांक्षानं दोनच खाल्ल्या आणि पंधरा वेळा जिना चढली-उतरली. चार वाजायला आले तेव्हा चित्र आलं. चंद्रभानजी आपणहून भिंतीशी जाऊन डोळे मिटून उभे राहिले.

“तुमी नाही,” पार्बताबाई म्हणाल्या. “तुमी सकायपासून त्यालेच ओयखून राहिले. तुमचे डोये आता बाटले.”

“एवढ्यात रिटायर केलं मले?”

“नवे डोये पाहिजे.” आणि त्या दारात गेल्या. गल्लीतून भाजीची गाडी ढकलत गंगूबाई येत होत्या. “गंगूबाई, जरा अठी या वं. मेथी मंग पाहू.”

पार्बताबाईंनी आकांक्षाला सांगितलं होतं की चित्र एकटं दाखवायचं नाही, ढिगात ठेवून दाखवायचं. आकांक्षानं त्या दुकानासारखंच एक पान तयार केलं होतं, पन्नास गेम, पन्नास काडेपेट्या. तलवारी उगारलेले, दात खाणारे, निळ्या-लाल उजेडात न्हालेले वीर. “सगळेच रागानं पाहून राहिले,” असं पार्बताबाईंनी त्यांच्याबद्दल आधीच म्हणून ठेवलं होतं.

गंगूबाईंनी ओले हात पदराला पुसले. “काय उचलाचं हाय?”

“काही नाही. नुसतं पाहा आन सांगा, कोनतं दिसलं?”

आकांक्षानं लॅपटॉप पुढं धरला. गंगूबाईंचं बोट पन्नासांवर रेंगाळलं नाही, थेट खालच्या रांगेत जाऊन टेकलं.

“ही पोट्टी एकटी काहून हिंडून राहिली? मांगं पाहा मनाव तिले. केवढं उभं हाय ते.” मग त्यांनी मान आणखी पुढं काढली. “आन त्या जनावराच्या डोक्यावर बाशिंग कोनं बांधलं?”

आकांक्षा काही बोलणार, तोच पार्बताबाईंनी तिच्या दंडाला चिमटा काढला. “ते खेळल्यावर समजते,” त्यांनी गंगूबाईंना सांगितलं.

“बह्याड झाले बाप्पा तुमी सगळे. मेथी द्यू काय दोन जुड्या?”

चार वाजून चाळीस मिनिटांनी चित्र गेलं.

जत्रा आठवडाभर चालली. त्या आठ दिवसांत आकांक्षा कितीदा तरी खाली आली आणि आता टकटक करायचं तिचं भान सुटलं होतं. पहिल्या दिवशी थोड्याच लोकांनी बोट लावलं. तिसऱ्या दिवशी कोणा परदेशी माणसानं लिहिलं की त्या जनावराच्या कपाळावर काय बांधलं आहे हे कळेना म्हणून आत गेलो आणि दोन तास बाहेरच आलो नाही. त्याखाली बाकीचे तर्क करायला लागले. कोणी मुकुट म्हणालं, कोणी जखमेवरची पट्टी, कोणी शाप. आकांक्षाला रोज पेपरानंतर हे सगळं चंद्रभानजींना मराठीत सांगावं लागे, आणि ते “बाशिंग हाय, बाशिंग” असं त्या परदेशी लोकांना ओसरीतून ओरडून सांगत. आठवड्याच्या शेवटी, गेम विकायला आला की आम्हाला कळवा असं सांगून ठेवलेली माणसं इतकी झाली की आकांक्षाच्या बाबांनी स्वतःच चंद्रभानजींना फोन करून विचारलं, खोलीचं भाडं आणखी वर्षभर तेच राहील ना म्हणून.

त्या संध्याकाळी रागिणी अकोल्याहून पेढे घेऊन आली. दोघी पार्बताबाईंच्या पुढं बसल्या.

“काकू, तुम्हाला काय द्यायचं? साडी घेऊ? नको मात्र म्हणू नका,” आकांक्षा म्हणाली.

“साड्या हायेत मले.”

“मग मिक्सर? तुमचा जुना फार आवाज करतो.”

“करू दे. यायच्यापेक्षा कमीच करते.”

चंद्रभानजींनी आणखी एक पेढा उचलला.

पार्बताबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. या आठवड्यात गुडघ्यांना न विचारता त्या दोनदा वर जाऊन आल्या होत्या. आकांक्षा खेळताना मागं खुर्चीवर बसून त्यांनी पाहिलं होतं. जंगल, दिवटी, शिंगाड्याचे डोळे, सगळं. शिंगाड्या त्या मुलीशी पुष्कळ वेळ काहीतरी बोलला होता. मुलगी रडली होती. का रडली, ते त्यांना कळलं नव्हतं.

“इतकं आपलं जनावर,” त्या म्हणाल्या, “आन इंग्रजीत बोलते.”

“शिकलेला असन,” चंद्रभानजी म्हणाले.

“तुमी पेढा खा.” त्या आकांक्षाकडं वळल्या. “मले हा गेम खेळाचा हाय. त्यातलं बोलनं मराठीत करून दे.”